पगारवाढीचा विषय निघाला की सगळ्यांना टिळक आठवतात

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पगारवाढीचा विषय आला की कोणीतरी हमखास उठतं आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं नाव घेतं. "टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. सेवा म्हणतात ती अशी!" टाळ्या पडतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला, हे खरंच. पण त्यांच्या घरात पैसा कसा यायचा आणि कसा वाटला जायचा, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचा. सभेत दाखला द्यायचाच तर दोघांचाही द्या. शिवाय तो निर्णय टिळकांचा स्वतःचा होता. दुसऱ्याने काय सोडावं, हे आपण हात वर करून ठरवायचं नसतं.

मी पाळकाची मुलगी, आता स्वतः मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांमध्ये बसते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. वर्गणी जमली नाही म्हणून पगार लांबायचा आणि आई वाण्याला 'पुढच्या आठवड्यात' सांगून यायची. तरी पप्पांना खरं थकवलं ते पैशाने नव्हे. मिशनच्या काळातल्या जमिनी, कंपाउंड, भाडेकरू, कोर्टाच्या तारखा यांनी थकवलं. सेमिनरीत शिकायचं पवित्र शास्त्र आणि इथे येऊन बघायचे सात-बाराचे उतारे! आजारी माणसाच्या भेटीला जायची वेळ वकिलाकडे जायची, आणि रविवारी आपण म्हणायचं, "पाळकसाहेब हल्ली घरी येत नाहीत."

आणि काही ओझी अशी की त्यांवर कमिटीत चर्चासुद्धा होत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये त्यात घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये, आपण बाहेरच. मग एखादी आई हळूच विचारते, "पाळकसाहेब, पोराचा बाप्तिस्मा करा, पण रजिस्टरला नाव नका लावू." पाळकाने काय उत्तर द्यावं? नियम सांगावा, तर पोराच्या शिष्यवृत्तीचं काय? नाव टाळावं, तर ज्यावर आपण सही करतो त्या रजिस्टरचं काय? पप्पा अशा बाईला कधी रागावले नाहीत. मला तेच बरोबर वाटतं. प्रवचनातून तिला 'अल्पविश्वासी' ठरवणारे पाळकही मी पाहिलेत.

मग माणसं या सेवेत टिकतात कशाला? पप्पांच्या मंडळीतली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायची, चर्च ओस पडायचं. नाताळात पप्पा एसटीने कारखान्यावर जायचे आणि कोप्यांमध्ये, ऊसतोड्यांच्या झोपड्यांमध्ये, उपासना घ्यायचे. पेटी नाही, व्यासपीठ नाही. दिवसभर मोळ्या वाहिलेली माणसं चिपळ्यांवर टिळकांची भजनं म्हणायची, तीही तोंडपाठ. तिथून परतलेले पप्पा पुढचे कितीतरी दिवस वेगळेच असायचे. कोणाच्या घरी मूल झालं, कोणाकडे मयत झाली, तर पहिला निरोप पाळकाकडे येतो. रात्री-अपरात्री दार वाजलं की आई कुरकुरायची आणि तीच आधी उठून चहा टाकायची. एवढ्या घरांत आतपर्यंत जायला मिळणं, ही मला तरी मोठी मिळकत वाटते. फक्त तिच्यावर किराणा येत नाही.

म्हणून येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे. पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. कोर्ट आणि मिळकतीचं काम पंचांपैकी दोघांकडे, पाळकांकडे नाही. आठवड्यातून एक दिवस पाळकनिवासाचं दार वाजवायचं नाही, मयत आणि दवाखाना सोडून. सूचक मी आहेच, अनुमोदक हवाय. आणि कोणी टिळकांचं नाव घेतलंच, तर मी 'स्मृतिचित्रे' पिशवीत घालून येणार आहे.