तिसऱ्या रुळाला बर्फाचा त्रास होतो, पण सगळीकडे सारखा नाही

बर्फात अडकलेल्या लंडनच्या लोकलचा व्हिडिओ सध्या फिरतोय. खाली मजकूर असा: ‘रुळाशेजारून वीज नेली की बर्फात गाड्या बंद पडणारच, त्याला इलाज नाही.’ हे अर्धंच खरं आहे.

दक्षिण इंग्लंडमध्ये ७५० व्होल्टचा तिसरा रूळ, म्हणजे गाडीच्या दोन रुळांशेजारी वीज नेणारा वेगळा रूळ, वरून उघडा असतो. गाडीचा ‘शू’, म्हणजे वीज घेणारी धातूची पट्टी, त्याच्या माथ्यावरून घासत जाते. माथ्यावर काचेसारखा बर्फाचा पातळ थर धरला की वीज नीट मिळत नाही, निळ्या ठिणग्या उडतात आणि गाडी रखडते. म्हणून तिथे थंडीत खास गाड्या रुळावर बर्फरोधक द्रव सोडत फिरतात, काही ठिकाणी रूळ तापवतातही.

पण त्याच लंडनमधल्या डॉकलँड्स लाइट रेल्वेत शू रुळाला खालून टेकतो. वरून आणि बाजूने आवरण असतं, त्यामुळे बर्फ, पालापाचोळा, एखादा पडलेला पत्र्याचा डबा थेट संपर्काच्या जागी पोहोचत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाला जाणाऱ्या मार्गांवर विल्गस आणि स्प्रेग या अभियंत्यांनी हीच रचना शतकापूर्वी आणली. उघड्या रुळावर नुसती फळी बसवून भागत नाही, कारण वाऱ्याबरोबर आडवा येणारा बर्फ फळीखाली शिरतो.

आणखी एक, कळकळीने सांगतो. आवरण आहे म्हणून त्यावर पाय ठेवायला जाऊ नका. आत वीज तेवढीच असते. हे आपल्यालाही लागू आहे, कारण बेंगळुरू आणि कोलकाता मेट्रोतही तिसरा रूळच आहे.