प्रोबेट गेलं म्हणून नाचू नका ओ, आपल्याकडे ते सक्तीचं नव्हतंच

आमच्या बेळगावच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय, मृत्यूपत्राला आता प्रोबेट (म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का) लागणार नाही, कोर्ट नको, वकील नको. खाली अंगठे, हात जोडलेले, आणि अनगोळच्या काकांचं "बरं झालं, सुटलो". कशातून सुटले देव जाणे, काकांनी अजून मृत्यूपत्र केलेलंच नाही.

बातमी खरी आहे. 1925 च्या वारसा कायद्यातलं 213 कलम संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. पण ते कलम हिंदूंच्या बाबतीत मुख्यतः मुंबई, चेन्नई, कोलकाता यांच्यासाठी होतं, म्हणजे मृत्यूपत्र मुंबई शहरात केलेलं असलं किंवा जागा तिथे असली तर. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं हे मान्य, पण मुंबई हायकोर्टाच्या त्या खास हद्दीत आपण कधीच नव्हतो, त्यामुळे खानापूरच्या शेताला किंवा शहापूरच्या घराला प्रोबेटची सक्ती आधीपण नव्हती. दादरचा पाहुणा लग्नात भेटला की सांगतोय "प्रोबेटशिवाय काही होत नाही", आणि आपण इथे येऊन तेच धरून बसतो.

सक्ती नव्हती म्हणून आपल्याकडे भांडणं कमी आहेत काय? बघा की जरा कोर्टाच्या आवारात जाऊन.

प्रोबेट म्हणजे कोर्टाने शिक्का मारून सांगायचं की हे मृत्यूपत्र खरं, शेवटचं, आणि हा माणूस ते अमलात आणणार. जमीन कुणाच्या मालकीची हे त्यात ठरतच नाही. शिवाय ते मागायचा हक्क मृत्यूपत्रात ज्याला एक्झिक्युटर (अमलात आणणारा) नेमलाय त्यालाच, आणि आपल्याकडच्या निम्म्या मृत्यूपत्रांत एक्झिक्युटरचं नावच नसतंय. असं प्रोबेट घेतलेलं नसलं आणि एका बहिणीने "ही सही बाबांची नाही" म्हटलं की तहसीलदार ते खरं का खोटं ठरवत बसत नाहीत, सिव्हिल कोर्टात जावा म्हणतात. तिथे दोन साक्षीदारांपैकी जिवंत असलेला एकतरी येऊन सांगायला पाहिजे की होय, माझ्यासमोर सही केली. आणि आपण साक्षीदार कोण घेतो, तर बाबांच्याच वयाचे दोन मित्र! बाबा गेले की वर्षाच्या आत तेपण जातात.

मी एका सोसायटीत काउंटरला आहे, क्लेमचे कागद माझ्याकडेच येतात म्हणून एवढं बोलते. नॉमिनी म्हणून नाव लागलं की लोकांना वाटतंय पैसे आपलेच झाले. तसं नाही. नॉमिनीने पैसे फक्त घ्यायचे आणि खऱ्या वारसांना द्यायचे, सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे 1983 लाच सांगितलं होतं (विम्याचा कायदा 2015 ला बदलला, आता नवरा-बायको, आईवडील, मुलं नॉमिनी असली तर तिथे गोष्ट वेगळी) आणि शेअर्सबद्दल परत 2023 ला. बँकांमध्ये आता 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे आता चौघेजण येऊन भांडणार एवढंच. काउंटरवर एकमेकांचं तोंड न बघता उभी राहिलेली सख्खी भावंडं मी बघितली आहेत, मधे काच असते म्हणून बरं आहे.

आता वकिलाचं. लोक म्हणतात मृत्यूपत्राला वकील कशाला, सबरजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर बाँड रायटर बसलेत की, दोन पानं टाइप करून देतात. चालतंय. कायद्याने वकील लागतच नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टरसुद्धा करायलाच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार एवढं पुरतं. (रजिस्टर करून ठेवलेलं बरं, पण रजिस्टर केलं म्हणजे त्याला कुणी हात लावू शकत नाही असं समजू नका, नंतर साध्या कागदावर नीट केलेलं दुसरं मृत्यूपत्र निघालं तर ते पहिल्याला खातंय.) मग वकील कशाला? तर तो तुम्हाला नको ते प्रश्न विचारतो म्हणून. ही जमीन तुमची का तुमच्या वडिलांची? उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव कसं? थोरल्या मुलीचा उल्लेखच का नाही? बाँड रायटर हे विचारत नाही, तुम्ही सांगितलं ते लिहितो. आणि जो वकील हे न विचारता टाइप करायला बसतो त्याच्याकडून पण उठून या.

आणि वकील आणला कुणी हे बघा. धाकट्या मुलाने त्याच्या ओळखीचा वकील आणायचा, त्यानेच गाडी करायची, साक्षीदार त्याचे मेहुणे, आणि सगळं घर त्याच्या नावावर, वर म्हणायचं अप्पांनी राजीखुशीने केलं. सुप्रीम कोर्टाने 1958 ला म्हैसूरकडच्याच एका खटल्यात सांगून ठेवलंय, ज्याला मिळणार तोच जर मृत्यूपत्र करण्यात पुढे पुढे करत असेल तर ती संशयाची गोष्ट, आणि तो संशय त्यानेच फेडायचा. म्हाताऱ्या माणसाने वकिलाकडे बसताना मुलांना बाहेर चहाला पाठवावं, राग येईल, येऊ दे.

भाषेचं तर आपल्याकडे वेगळंच. येळ्ळूर, कडोलीकडच्या माणसाला जन्मात कन्नड वाचता आलं नाही आणि मृत्यूपत्र अख्खं कन्नडमध्ये, का तर ऑफिसात सोपं जातंय. उद्या कोर्टात पहिला प्रश्न हाच येणार, यांना हे कळलं होतं काय? मृत्यूपत्राला भाषेची अट नाही, मराठीत करा, कन्नड भाषांतर जोडायला लागलं तर जोडा. कन्नडमध्येच करायचं तर शेवटी "मला मराठीत वाचून दाखवलं, समजलं, मग सही केली" हे लिहून घ्या आणि साक्षीदारांच्या कानावर ते खरंच पडू दे. यात भाषेचं राजकारण आणू नका, त्यासाठी बाकी वर्ष मोकळं आहे.

खरं सांगू का, आपल्या भागातली बरीच मृत्यूपत्रं एकाच कामासाठी होतात, मुलींना बाजूला काढायला. आणि तीच कोर्टात जातात. जमीन वडिलोपार्जित असली तर बापाला फक्त स्वतःचा वाटा लिहून देता येतो, सगळी नाही. मुलगी जन्मापासून हिस्सेदार आहे, हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, बाप 2005 ला हयात असो नसो. कर्नाटकाने तर 1994 लाच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना, हा हक्क दिला होता. तरी आमचे लोक बहिणींना गाडीत घालून हक्कसोडवर सही करायला नेतात आणि येताना साडीचोळी घेऊन देतात! साडी चांगली असते हां, इरकल वगैरे, पण गुंठ्याचा भाव बघा आणि साडीचा बघा. स्वतःच्या कमाईचं घर कुणालाही द्या, तो तुमचा हक्क आहे, पण मुलीला देत नसाल तर का देत नाही हे दोन ओळीत मृत्यूपत्रातच लिहा. गप्प बसलेलं मृत्यूपत्र कोर्टात जास्त संशयास्पद दिसतंय.

बायपास, रिंगरोडमध्ये जमीन जाते तेव्हा हे सगळं एकदम वर येतंय, पैसे मंजूर आणि उताऱ्यावर मेलेला माणूस, मग पळा नाडकचेरीला (महसूल ऑफिसला) वंशावळीसाठी, तिथे आधारवरचं नाव आणि कन्नड उताऱ्यावरचं नाव जुळत नाही, मग ॲफिडेव्हिट. ज्यांचं घर बेळगावात टिळकवाडीत आणि शेत महाराष्ट्रात चंदगडला, त्यांना हे दोन राज्यांत दोनदा, इकडे आरटीसी (कर्नाटकातला उतारा) तिकडे सातबारा. मृत्यूपत्र एकच चालतंय, पण दोन्हीकडचे सर्वे नंबर, गट नंबर नीट घाला, "माझी सर्व शेती" एवढं लिहून भागत नाही.

आणि बायकांनो, तुम्ही. मूलबाळ नसलेली बाई नवऱ्यामागे मृत्यूपत्र न करता गेली तर तिने स्वतः नोकरी करून घेतलेला फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांना जातोय, तिच्या आईला नंतर. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेलं माहेरी परत जातं. हिंदू वारसा कायद्यात हे 1956 पासून आहे आणि आमच्या ऑफिसात एकीलाही माहीत नव्हतं. मी वकीलबाईंची वेळ घेतली आहे. नवरा म्हणाला माझंपण त्यातच उरकून टाक. म्हटलं तुझं तू ये, वेगळा कागद, आणि मी बाहेर बसते.