गोठ्यातली अक्कल शेळीपुढे गहाण

चारशे किलोची गाय शिंगाला धरून वळवणारे आम्ही. तीस किलोची शेळी ती काय, असं आम्हाला वाटतं आणि घात तिथंच होतो.

गाय कुंपणाच्या दोन तारा बघून थांबते. शेळी आधी डोकं घालते, मग विचार करते. सहा इंची चौकोनाच्या जाळीत डोकं शिंगांसकट आत जातं, पण मागे वळलेली शिंगं बाहेर येताना अडकतात. आपण सोडवतो, ती अंग झटकते आणि त्याच चौकोनात पुन्हा घुसते. पलीकडचा पाला अजून तिथंच असतो ना! शिंगाळ कळपाला चार इंची चौकोन घ्यावा, नाहीतर थेट बारा इंची.

खरी फसगत जंतांची. शेळी झुडपांचे शेंडे ओरबाडणारी. तिला खुरट्या कुरणावर सोडलं की हिमोंकस नावाचा जंत पोटात गेलाच म्हणून समजा. त्याच्या अळ्या गवताच्या बुडख्याजवळ असतात, म्हणून गवत चार इंचांवर आलं की कळप हलवायचा. आम्ही गाईवाले सवयीने हगवणीची वाट बघतो. हा जंत जठरात बसून रक्त पितो, हगवण लावत नाही. लेंड्या गोल, टणक, अगदी नमुनेदार, आणि शेळी आतून पांढरीफटक! खालची पापणी उलटून बघा. लाल असेल तर औषध नको, फिकट असेल तर पाजा. जबड्याखाली मऊ सूज दिसली तर उशीर झालाच आहे. सरसकट पाजलं की जंत औषधाला सरावतात. गाईचा डोस वजनाने भागूनही चालत नाही. बरीच औषधं शेळीच्या अंगातून लवकर निघून जातात, म्हणून किलोमागे जास्त लागतात. काही मात्र थोडी वाढली तरी बाधतात, तेव्हा वजनकाटा आणि डॉक्टर दोन्ही हवेत.

खच्ची बोकड कुंथताना दिसला की आम्ही बद्धकोष्ठ म्हणून तेल पाजायला धावतो. बहुधा त्याची लघवी अडलेली असते. धान्याच्या खुराकात फॉस्फरस फार, त्याने खडे होतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेवा, पाणी भरपूर द्या.

खच्ची न केलेला बोकड स्वतःच्या दाढीवर मुतून अत्तर लावतो. त्यावर इलाज नाही. नर करडं मात्र तीन महिन्यांची होताच वेगळी काढा. गोऱ्ह्याच्या हिशोबाने थांबलात, तर दीडशे दिवसांनी तीच करडं बाप झालेली दिसतील, तीही जुळ्यांची.