पाइपलाइन रुंदावली, खाडी तेवढीच

नाणार असो की बारसू, राजापूरच्या रिफायनरीचा वाद आपल्याकडे जमिनीभोवती फिरतो: किती एकर, काय मोबदला, आंबा-काजूचं आणि कातळशिल्पांचं पुढे काय. समुद्राचा प्रश्न मच्छीमार मांडतात, पण चर्चेत तो मागे पडतो. कॅनडातल्या अल्बर्टातून हे वाचताना इथली ट्रान्स माउंटन तेलवाहिनी आठवते. समुद्राचा हिशेब उशिरा केल्याचे परिणाम कॅनडाने भोगलेत.

एडमंटन ते व्हँकुव्हरजवळचं बर्नाबी, सुमारे १,१५० किलोमीटर. १९५३च्या जुन्या लाइनच्या जोडीला नवी टाकली आणि रोजची क्षमता ३ लाख बॅरलवरून ८ लाख ९० हजारांवर गेली. विस्ताराची गरज खरी होती. २०१८च्या शरद ऋतूत बाहेर जायला वाटच नसल्याने इथलं जड तेल अमेरिकी दरापेक्षा बॅरलमागे ४० डॉलरहून जास्त स्वस्त विकलं जात होतं. शेवटी प्रांताच्या सरकारने जानेवारी २०१९ पासून उत्पादनावरच मर्यादा घातली. मी या पाइपलाइनच्या बाजूचा आहे.

पण त्याआधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली होती. कारणं दोन. आदिवासी समाजांशी झालेला संवाद नावापुरता होता, आणि समुद्रातली टँकर जहाजांची वाहतूक प्रकल्पाचा भाग म्हणून तपासलीच नव्हती. नवी मंजुरी २०१९ मध्ये १५६ अटींसह मिळाली. पुढे होपजवळ कठीण खडकातलं ड्रिलिंग अडलं, तेव्हा त्या छोट्या टप्प्यात ३६ इंचांऐवजी ३० इंची पाइप घालावा लागला. २०१३ मध्ये ५.४ अब्ज डॉलरचा अंदाज असलेलं काम सुमारे ३४ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं आणि मे २०२४ मध्ये सुरू झालं.

एवढं करून खाडी उथळ ती उथळच. धक्क्यावर आफ्रामॅक्स म्हणजे मध्यम आकाराचे टँकर लागतात, पण बाहेर पडताना सेकंड नॅरोजच्या अरुंद वाटेवर पाणी कमी, म्हणून ते पूर्ण भरता येत नाहीत. रिलायन्सने २०२४ मध्ये इथलं २० लाख बॅरल तेल घेतलं, तेव्हा अशी चार जहाजं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर एका महाकाय टँकरमध्ये रिकामी करायचा बेत होता. पाइपमधला प्रवाह आणखी वाढवायला घर्षण कमी करणारं पॉलिमर मिसळता येतं. मात्र पंपातून जाताना त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून प्रत्येक पंपिंग स्टेशननंतर ते पुन्हा घालावं लागतं. शिवाय पाइप वाढवून धक्का तसाच राहिला, तर तेल टाक्यांत तुंबतं.

आता हेच गणित कोकणाला लावा. रिफायनरीचा मूळ आराखडा वर्षाला ६ कोटी टनांचा, म्हणजे रोज अंदाजे १२ लाख बॅरल. २० लाख बॅरलचं एक जहाज दर चाळीस तासांनी यायला हवं. भरलेलं असं जहाज २० मीटरहून खोल बसतं, त्यामुळे ते किनाऱ्यापासून दूर बोयाला, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या खुंटाला बांधून, तरंगत्या होजमधून (लवचीक नळीतून) तेल उतरवावं लागेल. पावसाळ्यात लाटा चढल्या की होज जोडता येत नाही. जोडलेलं असताना दोर सुटून जहाज सरकलं, तर होज फाटण्याआधी सुटून दोन्ही बाजूंनी बंद होणारं कपलिंग (जोड) हवं, आणि ते नियमाने तपासायला हवं. बोया चार दिवस बंद राहिला, तर ४८ लाख बॅरलचा साठा लागतो. ६० हजार किलोलीटरच्या १२-१३ टाक्या झाल्या, तळात साचून राहणारं तेल वेगळंच. त्यांनाही जमीन लागणार. ज्या एकरांवरून भांडण आहे, त्यांतले काही असे समुद्रच ठरवतो.

बोयाभोवती आणि समुद्रतळावरच्या पाइपवर ट्रॉलिंग (जाळं ओढत केलेली मासेमारी) चालणार नाही, नांगरही टाकता येणार नाही. म्हणून बोयाची जागा, मासेमारीचे पट्टे आणि पावसाळ्यातल्या लाटांची मोजणी एकाच नकाशावर मांडून तो मराठीत, जनसुनावणीच्या आधी गावांत लावला पाहिजे. जमिनीची मोजणी त्यानंतर व्हावी.