‘छोटी आई’ म्हणू नका तिला

सकाळी एका पालकांच्या ग्रुपवर फोटो पाहिला. आठ-नऊ वर्षांची मुलगी, ऑटिझम असलेल्या भावाचा हात घट्ट धरून उभी. खाली तिच्या आईने लिहिलंय, ‘आमची छोटी आई’. त्यावर बदामांचा नुसता पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अहो, आई कसली? तिसरी-चौथीतली पोर आहे ती!

मीही अशीच ‘शहाणी’ होते. शाळेत फळ्यावरचं दिसेनासं झालं तेव्हा घरी सांगितलंच नाही. बाकावरच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. धाकट्या भावाला ऑटिझम; त्याची स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून असते ती) यात आईचा दिवस संपायचा, तो झोपायचा नाही म्हणून बाबा रात्रभर जागे. त्यात माझे डोळे कुठे मध्येच आणायचे? शेवटी बाईंच्या लक्षात आलं. चांगला जाड चष्मा लागला. आणि नातेवाईक काय म्हणाले? ‘किती समंजस पोर, एका शब्दाने बोलली नाही.’

कौतुक! दिसत नसताना गप्प बसल्याचं कौतुक!

हो, अशा घरातली भावंडं मायाळू होतात, सगळीच काही कोलमडत नाहीत. मान्य. पण भावाचा राग येतो, चारचौघांत त्याची लाज वाटते, आणि मग असं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी येते, हे त्या मायाळू पोरीने कुणाला सांगायचं? थेरपिस्टच्या फॉर्मवर भावंडाला नाव आणि वय एवढीच जागा. तिशीत मला पॅनिक अटॅक यायला लागले, तर डॉक्टरांसमोर मी आधी भावाचीच हिस्टरी सांगत बसले. चष्म्याच्या वेळचीच सवय, दुसरं काय.

आईला दोष देत नाहीये. तिला स्वतःचं डोकं दुखतंय हे कळायलाही फुरसत नव्हती. आता हे लिहिताना तिचाच चेहरा समोर येतोय, आणि मघाचा राग जरा उतरलाय.

पण गप्प मूल म्हणजे ठीक असलेलं मूल, हे डोक्यातून काढा. 2024 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांच्या पाठच्या भावंडांपैकी साधारण 20 टक्के मुलांनाही ऑटिझम निघाला. मुलींचं तर बऱ्याचदा लक्षातच येत नाही. शहाणी आहे ना ती!

अमेरिकेत डॉन मेयर यांनी 1980 च्या दशकातच फक्त अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ सुरू केले. मुलं जमतात, खेळतात, दंगा करतात, आणि खेळता खेळता एखादा ‘मला त्याचा वैताग येतो’ म्हणाला तर कुणी दचकत नाही. आपल्या घरात म्हणून बघा असं.

त्या फोटोखाली मी कमेंट टाकली नाही, सगळ्यांसमोर त्या बाईंना बोलणं बरं नव्हे. इनबॉक्समध्ये लिहिलं, आठवड्यातून एक तास तिला एकटीला द्या आणि त्या तासात भावाचा विषय काढू नका. उत्तर आलं, ‘पण ती स्वतःच आवडीने करते हो सगळं. आमच्यानंतर तीच तर आहे त्याला.’

नऊ वर्षांच्या मुलीबद्दल हे ठरूनही गेलंय! त्याची पुढची सोय काय, हे आईबापांनी आपण हातीपायी धड असतानाच बघायला हवं. पैशाचं, राहण्याचं, पालकत्वाचं, सगळं लेखी. आणि ती मोठी झाल्यावर तिला विचारायचं. ती नाही म्हणाली तरी घरात तिच्याशी कुणी अबोला धरायचा नाही.