सर्पगंधेच्या त्या फॉरवर्डबद्दल, स्पष्टच

‘सर्पगंधेचं चूर्ण रोज एक चमचा घ्या. बीपीच्या गोळ्या सुटतात, हातांची थरथर थांबते. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य. नाही मानवलं तर सोडा, दोन दिवसांत अंगातून निघून जातं. औषध कंपन्यांनी हे दडपून ठेवलंय.’ हा मेसेज कोथरूडच्या सोसायट्यांतून फिरत फिरत माझ्या आत्याकडे पोचला. तिला पार्किन्सन आहे, आणि मंडईतून चूर्ण आणायला तिने शेजारच्या मुलाला पैसेही देऊन ठेवले होते. संताप झाला, म्हणून लिहितेय.

बीपी उतरतं, हे मान्य करावंच लागतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ सालीच ते दाखवून दिलं. दडपल्याचं म्हणाल, तर स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९५२ मध्ये सर्पगंधेच्याच मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि ‘सर्पासिल’ नावाने राजरोस विकलं.

आता थरथर. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायनं चेतातंतूच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्यांत साठवतात. पिशवीच्या भिंतीतलं व्हीमॅट-२ नावाचं प्रथिन आतले दोन प्रोटॉन बाहेर सोडतं आणि एक रेणू आत ओढतं. रिसर्पिन नेमकं याच प्रथिनाला चिकटतं. मग रसायन पिशवीबाहेरच राहतं आणि पेशीतलं विकर (एन्झाइम) ते मोडून टाकतं. संदेश आला तरी पिशवीत सोडायला काही उरलेलं नसतं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी प्राण्यांना रिसर्पिन दिलं. ससे जागचे हलेनात. एल-डोपा (म्हणजेच लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं) टोचल्यावर तेच ससे पुन्हा हिंडू लागले. डोपामिनवरच्या कामासाठी कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. आत्याच्या रोजच्या गोळीत हेच लेव्होडोपा आहे! गोळीने भरायचं आणि चूर्णाने उपसायचं, असा हा सल्ला आहे, आणि तो कंपवाताच्या माणसाला दिला जातोय.

हंटिंग्टन रोगात अंगाला आपोआप हिसके बसतात. ते कमी करायला तिथे व्हीमॅट-२ रोखणारं टेट्राबेनाझिन हे औषध देतात. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. पण तो आजार वेगळा, आणि त्या औषधावरही नैराश्य व आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा असतो.

‘दोन दिवसांत निघून जातं’ हे तर सर्वांत घातक. रिसर्पिन त्या प्रथिनाला असं घट्ट बसतं, की औषध थांबवल्यावरही साठा भरून यायला नव्या पिशव्या तयार होऊन टोकापर्यंत पोचाव्या लागतात. त्यात बरेच दिवस जातात, कधी आठवडेही.

चमच्याचं माप कोणी ठरवलं? मुळीमुळीत रिसर्पिनचं प्रमाण बदलतं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्याला किंवा पोटात अल्सर असलेल्याला रिसर्पिन देत नाहीत. नाक चोंदणं, नाडी मंदावणं, सतत झोप हेही होतं. ज्यांनी चूर्ण सुरू केलंय त्यांनी पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरांना दाखवावं, आणि बीपीच्या चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.