नाव वगळल्याने ओळख पुसली जात नाही

"डेटामधून नाव आणि फोन नंबर काढला की तो निनावी होतो, उरलेली माहिती तशीही सार्वजनिकच असते, आणि लाखोंच्या गर्दीत आपल्याला शोधणार कोण?" हा युक्तिवाद पुष्कळ फिरतो. त्याच्या भरवशावर लोक निर्धास्तपणे माहिती देतात, म्हणून त्यातील तिन्ही विधाने तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान नाव वगळण्याचे. १९९०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा आयोगाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील नोंदी, नावे वगळून, संशोधकांना उपलब्ध करून दिल्या. जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (तिकडचा पिनकोड) मात्र तसेच ठेवले. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी त्याच राज्यातील केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरना विकत घेतली आणि तेथे राहणारे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधली. यादीत त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण होते, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमधला एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी हाती लागायला एवढे पुरले.

सार्वजनिक माहिती निरुपद्रवी असते, हे दुसरे विधानही येथेच निकालात निघते, कारण मतदार यादी सार्वजनिकच होती. सुटी यादी बहुधा निरुपद्रवी असते. धोका दोन याद्या जोडणाऱ्या समान रकान्यांत असतो. पुष्कळांची माहिती एकत्र केली तरी काही वेळा नको ते दिसतेच: स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा २०१८च्या जानेवारीत त्यात लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या आढळल्या.

राहिला गर्दीचा मुद्दा. सुमारे १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदींवरील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ, अशा केवळ चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढायला पुरेशा ठरल्या. रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे, ही जोडीच फार थोड्यांची सारखी असते. शिवाय शोधायला कोणी माणूस बसावा लागत नाही. याद्या जुळवण्याचे काम संगणक करतो.

संशोधनाला माहिती लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण वयोगट कळण्यासाठी जन्मवर्ष पुरत असताना पूर्ण जन्मतारीख का मागितली जाते, याचे उत्तर माहिती गोळा करणाऱ्याने द्यायला हवे, आणि देणाऱ्यानेही ते सही करण्यापूर्वीच मागावे.